शिरीषावरचं सफाईदार काम

दुसरी फांदी पडली तो रविवार होता, एवढंच आमचं नशीब. एरवी त्या वेळी ती जिथं पडली त्या मागच्या अंगणातल्या पत्र्याखाली माझ्या पाळणाघरातली पोरं वाळूत लोळत असतात. फांदी माझ्या मांडीएवढी जाड होती, आणि माझी मांडी काही नाजूक नाही. तिनं पत्रा मधोमध वाकवला, झोपाळा तोडला आणि वाळूच्या हौदात आडवी होऊन पडली. वारा नव्हता, पाऊस नव्हता, काही नव्हतं. मी हातातलं पातेलं तसंच घेऊन मागच्या दारात धावले, तर माझे सासरे धुळीत उभे राहून वर झाडाकडे बघत होते.

"तुटल्या जागी खडबडीत राहिलंय," ते म्हणाले. "शिडी लावून साफ करून टाकतो."

मला इतका राग आला की हातातलं पातेलं मी त्यांच्यापुढे नाचवलं.

"बाबा, इथं पोरं खेळतात."

"आज नव्हती ना."

"उद्या असतील."

"मग उद्याच्या आत करतो की साफ."

बाबा सुतार. हयातभर त्यांनी दारं, कपाटं, पलंग, शाळेची बाकं केली, आणि त्यांच्या सांध्यात नख शिरत नाही असं लोक म्हणतात ते खोटं नाही. नजर अधू झाल्यावर दुकान बंद केलं, पण बोटं काही गप्प बसली नाहीत. दिसेल त्या वस्तूवर टकटक करून ती आतून कशी आहे ते ऐकायची त्यांना सवय आहे. दार, टेबल, कलिंगड, काही चालतं. पोरांच्या टाळक्यावरही हळूच ठोकतात आणि म्हणतात, "आत काही ठेवलंय का, बघतो." पोरं त्यांना ठकठकआजोबा म्हणतात आणि पुन्हा पुन्हा डोकं पुढे करतात. सासूबाई गेल्यावर हा माणूस भिंतीकडे बघत बसायचा. मी पाळणाघर काढलं आणि तो पुन्हा बोलायला लागला, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या अंगणातला शिरीष आमच्या घराहून जुना आहे. त्याची एखादी फांदी वाळली किंवा मोडली की बाबा करवत घेऊन शिडीवर चढायचे. फांदी बुडापासून कापायचे, तिच्या बुडाशी जो गाठाळ फुगवटा असतो तोही तासून सपाट करायचे, मग कानस, मग काचपेपर. भेगांमध्ये खडूची पूड तेलात मळून केलेली लांबी भरायची आणि वरून पॉलिशचे दोन हात द्यायचे. त्यामुळे आमच्या झाडावर जागोजागी कपाटाच्या दारासारखे गुळगुळीत गोल आहेत. आल्यागेल्याला त्याचं कौतुक वाटायचं. आदल्या वर्षी पहिली फांदी पडली ती कपड्यांच्या दोरीवर, माझ्या दोन चादरी घेऊन गेली. तिथंही असंच सफाईदार काम झालं आणि मी चादरींवर रडून मोकळी झाले.

या वेळी मात्र मी पातेलं खाली ठेवलं आणि झाड नीट बघितलं. सगळ्यात मोठी फांदी अंगणावर नव्हतीच. ती पोरांच्या झोपायच्या खोलीवर पसरलेली होती. ती खोली बाबांनी माझ्या पाळणाघरासाठी उभी केली, छपराचं सगळं लाकूडकाम स्वतःच्या हातांनी केलं. दुपारी जेवणं झाली की पोरं तिथं ओळीनं झोपतात, तोंडं उघडी टाकून. पडलेली फांदी ही तिच्यापुढे काडीच म्हणायची.

त्या संध्याकाळी मी एकेका आईबापाला फोन केला. मी सांगेपर्यंत पोरं आणू नका, म्हटलं. कोणी समजून घेतलं, कोणी सुस्कारा सोडला. ज्यांच्या घरी आजीआजोबा नाहीत त्यांच्या सुस्काऱ्याला काय अर्थ असतो ते मला ठाऊक आहे.

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी म्हटलं, "अहो, तुम्ही बोला बाबांशी."

"बघू," हे म्हणाले.

आमच्या घरात यांचं नावच 'बघू' पडलं आहे. यांनी बघायला घेतलेल्या गोष्टी बघता बघता जुन्या होतात.

सकाळी फाटकात नर्सबाई उभी. कडेवर मुलगी, खांद्याला डबा, अंगावर गणवेश.

"ताई, तुम्ही नको म्हणालात ते ऐकलं मी," ती म्हणाली. "पण हिला ठेवू कुठं? वॉर्डात नेता येत नाही. रजा मागितली तर म्हणाले, मग कायमचीच घ्या."

मी मुलीला घेतलं. पुढची खोली झाडापासून लांब आहे, पण तिथं एकदोन पोरं मावतात, सगळी नाही. बाकीच्यांच्या आया अशाच कुठं कुठं उभ्या असतील, या विचारानं मला दिवसभर चैन पडलं नाही. दुपारी मुलगी झोपली तशी मी ठरवलं. एक तर ती मोठी फांदी उतरेल, नाहीतर पाळणाघर या घरातून उठेल. बाजारापलीकडे टायरच्या दुकानावर एक खोली रिकामी होती, ती मी त्याच संध्याकाळी बघून आले. जिना उभा, उजेड कमी, खालून रबराचा वास. पण वर आकाशच होतं, फांदी नव्हती.

रात्री ताटं वाढून झाल्यावर मी बाबांना सांगितलं. आडवळण घेतलं नाही.

त्यांचा हात ताटातच थांबला. "पोरं तिकडे नेणार?"

"तुम्ही फांदी काढू दिली नाही तर."

"धडधाकट फांदी आहे ती. लाकडातलं मला शिकवू नकोस, सूनबाई. तुझा जन्म व्हायच्या आधी मी करवत धरलीय."

"पडली तीही धडधाकटच होती ना, पडेपर्यंत."

"तू म्हणशील ती पूर्व दिशा, असं नाही चालायचं."

"मग तुमच्या पूर्वेला पोरं झोपवा. मी नाही झोपवणार."

हे वरणात भात कालवत राहिले. बाबा अर्धं ताट टाकून उठले. आजवर त्यांनी ताटात शीत टाकलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून मी शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पडवीत रंध्याचा आवाज. मला वाटलं, राग काढताहेत. तर त्यांनी मोठ्या फांदीसाठी टेकू केला होता. जुन्या तुळईचा, वरच्या टोकाला फांदी बसेल अशी खोबण, खालच्या टोकाला चौरस पाय, आणि त्या पायाच्या कडासुद्धा मारून गोल केलेल्या. टेकू छपराच्या आढ्यावर उभा राहणार होता आणि त्यावर फांदी टेकणार होती.

"टेकू द्यायला ती काय मोडकी खाट आहे?" मी विचारलं.

"वजन पेललं की झालं. आढं माझंच आहे, ते पेलेल."

"आणि वारा सुटला की?"

"पाचर ठोकतो. हलणार नाही."

त्यांनी टेकू वर चढवून बसवला. तो हलला नाही, हे खरं. दुपारी साधा वारा सुटला, कपडे वाळावेत इतकाच. फांदी वर उचलली गेली आणि खाली आली, टेकूवर आपटली, टेकूनं आढ्याला धक्का दिला, आणि पोरांच्या रिकाम्या खोलीत गिलाव्याचा एक मोठा पोपडा नेमका गाद्यांवर पडला. फांदी पुन्हा वर गेली आणि पुन्हा आली. घरभर धपधप आवाज घुमत होता. नर्सबाईची मुलगी दचकून जागी झाली आणि रडायला लागली. बाबा खोलीच्या दारात उभे राहून गाद्यांवरचा तो पोपडा बघत राहिले. मग शिडी लावून त्यांनी स्वतःच पाचर काढली आणि टेकू खाली घेतला. मी गाद्या झटकायला घेतल्या.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला लाकूड ठाऊक आहे, झाड ठाऊक नाही. त्यांच्या दुकानात आलेलं प्रत्येक लाकूड मेलेलं होतं. ठेवलं तिथं राहणारं, कापलं तेवढंच कापलं जाणारं. हे झाड वाऱ्याबरोबर हलत होतं आणि त्याला हलू द्यायचं असतं, हे कोणत्याच गिऱ्हाइकानं त्यांना कधी सांगितलं नसणार.

हात रिकामे ठेवणं त्यांना जमत नाही, म्हणून मग पडलेल्या फांदीचे तुकडे त्यांनी पडवीत ओढून नेले. झोपाळ्याला नवी फळी करतो, म्हणाले. मी चहा ठेवला. करवतीचा आवाज सुरू झाला, मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. चहा उतू जायला आला तेव्हा हाक आली.

"सूनबाई, इकडे ये."

त्यांनी फांदी उभी चिरली होती. जिथून ती तुटली तिथलं लाकूड तपकिरी झालं होतं. त्यांनी चिमटीत धरून दाबलं, तर त्याचा भुगा झाला. त्या भुग्यातून त्यांनी एक पांढरट कपची उचलून माझ्या तळव्यावर ठेवली.

"ही काय आहे?" मी विचारलं.

"लांबी. माझ्या हातची." त्यांनी बोटानं जागा दाखवली. "इथं या फांदीला एक उपफांदी होती. मी काढली, तासली, भरली, पॉलिश केलं. आठवतं मला. फार छान बसली होती. वरचा पापुद्रा अजून चकाकतोय बघ, आणि त्याच्या आत सगळं कुजलंय."

त्यांनी फांदीचा दुसरा तुकडा पुढे ओढला. हा टोकाकडचा होता, तोही चिरलेला.

"आता हे बघ. इतक्या वर शिडी पोचत नव्हती, म्हणून इथली वाळकी फांदी माझ्या हातून सुटली. आपोआप गळून पडली असणार. बुडाचा फुगवटा कोणी तासला नाही. तर त्या फुगवट्याची साल चारी बाजूंनी आत वळली आणि तोंड मिटून घेतलं. आत लाकूड कसं आहे, ऐक." त्यांनी बोटानं ठोकलं. आवाज टणक आला. "मी फुगवटाच काढून टाकायचो. मिटायला झाडाकडे काही उरायचंच नाही. वरून मी झाकण बसवायचो आणि आत ओल कोंडायची."

दोन दिवस मला त्यांच्यावर मात करायची होती. आता ते हरून माझ्यासमोर बसले होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही. मला वाटलं, यापेक्षा ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं ना बाबा," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं का मी?"

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडातून "नाही" निघून गेलं.

"मग झालं तर," ते म्हणाले आणि उठले.

त्यांनी शिडी उचलली ती थेट मोठ्या फांदीखाली नेऊन लावली. मी शिडी धरली. ते चढले आणि खोडापासून पुढे सरकत फांदी ठोकत गेले. टणक, टणक, टणक. खोलीच्या छपरावर आलेल्या भागात एक मोठा चकाकता गोल होता. खोली बांधताना छपराला आडवी येणारी उपफांदी त्यांनी काढली होती, त्याची ती जागा. तिथं आवाज बदलला. खालून मलासुद्धा कळला. रिकाम्या डब्यावर थाप मारावी तसा होता. त्यांनी पुन्हा ठोकलं नाही. एकदाच ऐकून त्यांचं समाधान झालं, असं कधी होत नाही.

खाली आल्यावर ते म्हणाले, "माणूस बोलाव. ही उतरवायची."

मी नगरपालिकेत परवानगीचा अर्ज आधीच देऊन ठेवला होता, त्यांना न सांगता. आता सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू माझी सून शोभतेस." ही शिवी होती की शाबासकी, ते अजून मला नक्की माहीत नाही.

संध्याकाळी हे घरी आले. मी सगळं सांगितलं.

"बघू, एकदा कोणा जाणकाराला—"

"बघायचं काही नाही," बाबा म्हणाले. "मी बघून आलोय."

परवानगी हातात पडल्यावर फांदीवाला आला तो दोर, करवती आणि भरपूर बोलणं घेऊन. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यानं न उतरवलेलं झाड या भागात उरलेलं नव्हतं. काम मात्र चांगलं केलं. फांदी टोकाकडून तुकड्यातुकड्यानं आणली, प्रत्येक तुकडा आधी दोरानं बांधला, खालून जरासा काप देऊन मग वरून कापला, आणि त्याच्या गड्यांनी तो सावकाश जमिनीवर सोडला. छपराला एक ओरखडा उठला नाही. चकाकत्या गोलाचा तुकडा खाली आला तेव्हा तो स्वतः झाडावरून उतरून बघायला आला. त्यानं आतल्या पोकळीत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. तेवढा वेळ त्याचं बोलणं बंद होतं.

मी त्या पोकळीकडे बघितलं आणि मग पोरांच्या गाद्या कुठं असतात तिकडे बघितलं. मी पायरीवर बसले, आणि बसूनच पुढचं काम पाहिलं.

शेवटी खोडाला लागून थोडंसं बूड उरलं. फांदीवाल्यानं करवत खोडाला अगदी चिकटवून लावली.

"थांब," बाबा खालून म्हणाले. "तिथं नाही. चार बोटं अलीकडे. फुगवट्याच्या बाहेर."

"अहो आजोबा, खुंटासारखं दिसेल ते. मी खोडासरसं गुळगुळीत करून देतो. तुमचंच काम बघतोय ना इथं झाडभर, त्याला शोभेल असं करतो."

"नको शोभायला."

"लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत. फुगवट्याला करवत लागली तर मी वर येईन."

माझे सासरे खरोखर वर गेले असते, हे फांदीवाल्याला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं असावं. त्यानं करवत अलीकडे घेतली. काप पडला, आतलं लाकूड टणक निघालं, फिकट आणि कोरडं. वरून डांबराचा एक हात तरी मारू का, असं त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, काहीही मारायचं नाही.

पुढचे दिवस बाबांनी झाडावरचं आपलं प्रत्येक सफाईदार काम ठोकून तपासलं. आणखी दोन फांद्या त्यांना आवाजावरून बद्द, पोकळ वाटल्या, त्याही त्यांनी फांदीवाल्याला पुन्हा बोलावून उतरवून घेतल्या, आणि दोन्ही वेळा करवत कुठं लावायची ते खाली उभं राहून सांगितलं. त्या कामात त्यांनी स्वतःची गय केली नाही. जिथं आवाज बरा होता तिथंही ते दर महिन्याला ठोकणार आहेत, असं त्यांनी मला न विचारता सांगितलं. संध्याकाळी मात्र ते त्या नव्या कापांकडे बघत अंगणात फेऱ्या मारायचे. एकदा मी खिडकीतून पाहिलं, त्यांच्या हातात कानस होती. थोड्या वेळानं ते आत आले आणि कानस कपाटात ठेवून त्यांनी कडी लावली.

मी आईबापांना फोन केले. सोमवारी फाटकात एकच गर्दी झाली. पोरं वाळूच्या हौदाकडे सुटली, नर्सबाई माझा हात धरून काहीतरी बोलली आणि बसच्या मागे पळाली. सगळ्यात शेवटी बँकेतला कारकून आला, लेकाचं बोट धरून. त्याच्या लग्नातलं कपाट बाबांच्या हातचं आहे, आणि भेटेल त्याला तो त्या कपाटाचे सांधे सांगत असतो. त्यानं पोराला सोडायच्या आधी वर बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"अरेरे, हे कोणी असं ओबडधोबड कापून ठेवलंय?" तो म्हणाला. "तेही तुमच्यासारखा कारागीर घरात असताना? फांदीवाल्यांचं हे असंच असतं. रांगडे हात."

मी तोंड उघडलं. फांदीवाला तिथं नव्हता, त्याच्या माथी सहज मारता आलं असतं, आणि बाबांना या वयात एवढं तरी झाकून घ्यायला काय हरकत होती.

"फांदीवाल्याचं नाही," बाबा म्हणाले. "माझं काम आहे ते. मी असंच करायला लावलं."

कारकुनाला ते थट्टेचं वाटलं. तो हसला आणि वाट बघत राहिला. बाबा हसले नाहीत.

"आणि वरती ते जे चकाकतंय ना, तेही माझंच," ते म्हणाले. "ते चुकलं होतं."

मग त्यांनी त्याच्या हातातून पोराचं बोट सोडवून घेतलं आणि त्याला घेऊन झाडाखालून झोपायच्या खोलीकडे चालायला लागले.